लॅपलँडची हस्की सफारी: पैसे राबायचे द्या, बसायचे नको

५ पैकी ४. कापलेला एक स्टार माणसांचा आहे, कुत्र्यांचा नाही, कुत्र्यांना ५ पैकी ७ द्यायची सोय असती तर दिले असते.

आता डिटेलमधे. फिनलंडच्या लॅपलँडमधे इव्हालोला विमान उतरतं, तिथून सारिसेल्का आणि इनारीच्या पट्ट्यात बरीच हस्की केनेल, म्हणजे कुत्रे पाळायच्या जागा आहेत, त्यातल्या एका ठिकाणी आम्ही मार्चमधे गेलो होतो, मी, ताई आणि दाजी. नाव टाकत नाही, मला त्यांची जाहिरातही करायची नाही आणि बदनामीही, आणि जे लिहितोय त्यातलं बरंचसं तिकडच्या कुठल्याही केनेलला लागू पडेल. अर्ध्या दिवसाची सेल्फ ड्राईव्ह ट्रिप घेतली होती, म्हणजे कुत्रे ओढतात ती बर्फावरची गाडी, स्लेज, आपणच चालवायची. दोघांत एक स्लेज, एक जण मागे उभा राहून चालवणार आणि दुसरा पुढे रेनडिअरच्या कातड्यावर पांघरूण घेऊन बसणार, मधे अदलाबदल. आम्ही तिघं म्हणल्यावर एकाला एकट्याची स्लेज घ्यावी लागणार होती, ती जास्त महाग पडते, ती मी घेतली आणि सगळ्यात जास्त मजा मलाच आली हे ताईनेसुद्धा नंतर कबूल केलं.

बुक करताना मुळात दोन प्रकारची ट्रिप असते हे नीट समजून घ्या, वेबसाईटवर दोन्हींचे फोटो सेमच असतात. एक म्हणजे छोटी राईड, कुत्रे आधीच जुंपून उभे, तुम्ही येऊन बसायचं, गाईड मागे उभा, एक-दोन किलोमीटरचा गोल, काही ठिकाणी तर काहीशे मीटरच, उतरा, फोटो काढा, पुढचे या. रोव्हानिएमी शहराच्या आसपास अशा राईड भरपूर मिळतात आणि लहान पोरं बरोबर असतील किंवा कुणाची पाठ-गुडघे धड नसतील तर तेच बरोबर आहे, त्यात वाईट काही नाही. पण तुम्ही धडधाकट असाल आणि एवढ्या लांब गेलाच असाल तर ती दुसरी घ्या, ज्यात हार्नेस (कुत्र्याला जुंपायचा साज) तुम्ही घालता, ब्रेक तुम्ही मारता, शेवटी खायला तुम्ही घालता आणि शी पण तुम्हीच उचलता. माझं स्पष्ट मत आहे की या सगळ्या प्रकारात स्लेजवर बसणं ही सगळ्यात कमी मजेची गोष्ट आहे. पैसे वसूल होतात ते त्याच्या आधी आणि नंतर.

सगळ्यात पहिला शॉक दाजींना बसला. त्यांच्या डोक्यात ते निळ्या डोळ्यांचे, जाड केसांचे, लांडग्यासारखे कुत्रे, आणि गेटमधून आत गेल्यावर समोर सडपातळ, लांब पायांची, कुणाचा एक कान उभा एक पडलेला, कुणी तपकिरी, कुणी ठिपक्यांचं, अशी ही सगळी गँग. "हे हस्की आहेत?" दाजींनी असं विचारलं की गाईड पोरीला हसू आवरेना, तिला हा प्रश्न रोजच ऐकावा लागत असणार. तर हे अलास्कन हस्की. ती कुठल्याही केनेल क्लबने (कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारी संस्था) मान्य केलेली जात नव्हे, जो पळतो तो चांगला एवढाच नियम धरून वर्षानुवर्षं मिक्स करत आणलेली कामाची कुत्री आहेत, काहींच्यात शिकारी कुत्र्यांचं पण रक्त असतं, वजन साधारण २० ते २५ किलो. आपण फोटोत बघतो ती सायबेरियन हस्की, ती मूळची सायबेरियातल्या चुक्ची जमातीकडची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथून अलास्कात नोमला शर्यतीसाठी आणली आणि १९३० मधे अमेरिकन केनेल क्लबने तिला जात म्हणून मान्यता दिली. काही केनेलमधे सायबेरियनच असतात, थोडी हळू पळतात पण फोटो झकास येतात, तुम्हाला तेच पाहिजे असेल तर बुकिंगच्या आधी विचारा. मला विचाराल तर पाचव्या मिनिटाला डोळ्यांचा रंग डोक्यातून जातो. ही कुत्री सरळ अंगावर येतात, दोन्ही पाय छातीवर ठेवतात आणि तोंड चाटतात, त्यातला एकही भुंकून मागे सरकला नाही. कुत्र्यांना इथे नीट सांभाळतात की नाही याचा अंदाज मला तिथेच आला.

नावांची पण गंमत आहे. एका वेळची पिल्लं सगळी एकाच विषयावरून नाव ठेवलेली, म्हणजे एक बॅच चीजची, एक बॅच ढगांची, मग गाईडला नावावरून कोण कुणाचा भाऊ ते कळतं. माझ्या स्लेजला पुढे दोन बहिणी होत्या, त्या दोघी मिळून जे करत होत्या त्याला गाडी ओढणं म्हणायचं की ऑफिस चालवणं मला कळलं नाही, मागच्या एकाने जरा दोरी ढिली सोडली की त्यातली एक वळून असा लूक द्यायची.

हार्नेस घालणं. हा भाग कुणी अर्ध्या तासात उरकत असेल तर त्यांना सांगा आम्हाला जास्त वेळ द्या. आधी डोकं घालायचं, मग पुढचे दोन पाय एकेक करून, मग पाठीवरून ओढून घ्यायचं, दिसायला सोपं आहे पण कुत्रं आनंदाने पिसाटलेलं असतं आणि तुम्ही अवजड ओव्हरऑलमधे, हातात जाड हातमोजे. मग त्याला जागेवरून स्लेजपर्यंत न्यायचं. इथे गाईडने जे शिकवलं ते मला फार आवडलं, गळपट्टा धरून पुढचे पाय जमिनीवरून उचलायचे आणि मागच्या दोन पायांवर चालवत न्यायचं, कारण चारही पाय जमिनीला टेकले की ते तुम्हाला फरफटत नेणार. दाजी म्हणले मी असाच नेतो, वीस-बावीस किलोचं तर आहे. नेलं कुत्र्याने त्यांना, पार कुंपणापर्यंत.

जुंपायची जागा पण ठरलेली असते. मधून एक मुख्य दोरी जाते ती गँगलाईन, तिच्या दोन बाजूंना जोड्या. सगळ्यात पुढे लीडर, ते डोक्याने हुशार पाहिजेत, ताकद दुय्यम. त्यांच्या मागचे स्विंग, ते वळणावर सगळ्यांना बरोबर वळवून आणतात. मधले ओढणारे. आणि स्लेजला अगदी चिकटून असतात ते व्हील डॉग, ते दणकट आणि शांत डोक्याचे लागतात कारण स्लेजचा पहिला हिसका त्यांना बसतो आणि मागून धडधड येणाऱ्या वजनाला घाबरून चालत नाही. ही जोड्यांची पद्धत जंगलातल्या अरुंद वाटांसाठी बरी, ग्रीनलंडमधे उघड्या बर्फावर प्रत्येक कुत्र्याला वेगळी दोरी देऊन पंख्यासारखं पसरून जुंपतात, तिथे झाडंच नाहीत तर अडकणार कशात. कुणाशेजारी कुणाला जुंपायचं हे पण गाईडच्या डोक्यात पक्कं, दोघांचं पटत नाही म्हणून शेवटच्या क्षणी तिने माझ्या मागच्या जोडीतला एक बदलला, आणि नवीन आलेला तो बोका (कुत्राच होता, पण चेहरा बोक्याचा) पूर्ण वेळ नुसता खुशीत.

मग आवाज. याची मानसिक तयारी करून जा. सगळे जुंपले की जो काय कल्ला होतो, भुंकणं, रडणं, किंचाळणं, जागच्या जागी उंच उड्या, दोरी चावणं, शेजारी उभ्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. स्लेज एका खांबाला दोराने बांधलेली असते नाहीतर ते तुम्हाला सोडून कधीच निघून गेले असते. ताईला वाटलं त्यांना त्रास होतोय, तिचा चेहरा पडला होता. गाईडने दोर सुटा केला, हिसका बसला, आणि दहा सेकंदांत सगळं बंद. एकदम. नुसता स्लेजच्या पट्ट्यांखाली बर्फाचा सर्रर्र आवाज आणि कुत्र्यांचा श्वास. सगळे कान मागे टाकून, शेपट्या खाली, एका लयीत. त्यांना पळायचं होतं, आपण थांबवून ठेवलं होतं, एवढीच तक्रार होती त्यांची. ताई त्यानंतर काही बोलली नाही.

चालवण्याबद्दल. गी म्हणजे उजवीकडे, हॉ म्हणजे डावीकडे वगैरे जे ऐकलंय ते सगळं विसरा, या ट्रिपमधे तुमचे कुत्रे गाईडच्या टीमच्या मागे जातात आणि तुमचं ऐकत नाहीत, आपण ड्रायव्हर नसतो, ब्रेक मारणारा माणूस असतो. पण ते काम पण साधं नाही. दोन पट्ट्यांवर एकेक पाय, मधे दातेरी ब्रेक, त्याच्यापुढे एक रबराची चटई असते ती पायाने दाबली की हळू स्पीड कमी होतो. थांबलात की बर्फात रोवायचा लोखंडी आकडा असतो, तो पायाने नीट आत दाबायचा आणि तरीही ब्रेकवरून उतरायचं नाही. आणि नियम नंबर एक, काही झालं तरी हँडल सोडायचं नाही, पडलात तरी नाही, स्लेज हलकी झाली की कुत्रे अजून जोरात जातात आणि पुढे बसलेला माणूस त्यांच्याबरोबर जातो. उतारावर ब्रेक धरला पाहिजे, दोरी ताणलेली राहिली पाहिजे, नाहीतर स्लेज मागच्या कुत्र्यांच्या पायात जाते. दाजींनी एका उतारावर मजा म्हणून ब्रेक सोडला तर गाईड पोरगी पुढून मागे न बघता ओरडली, तिला कसं कळलं देव जाणे, आणि पुढच्या थांब्यावर येऊन तिने त्यांना व्यवस्थित झापलं, वयाने अर्धी असेल. मला ते फार आवडलं. कुत्र्यांसाठी गिऱ्हाइकाला झापणारी गाईड मिळाली तर समजा जागा चांगली आहे.

चढावर मात्र तुम्ही उतरून ढकलायचं किंवा एक पाय मारत राहायचं, लहान मुलं स्कूटर मारतात तसं. नाही मारला तर कुत्रे मागे वळून बघतात. अतिशयोक्ती नाही, खरंच बघतात, चारही जोड्या डोळ्यांनी, आणि ते बघणं असं असतं की तुम्ही आपोआप उतरता. एकट्याच्या स्लेजवर चार कुत्रे होते आणि मी ढकलून ढकलून आतून घामाने भिजलो, बाहेर -१८. म्हणून सांगतो सुती कपडा अंगाला नको, घाम धरून ठेवतो आणि थांबलात की गार पडतो. आत लोकर किंवा सिंथेटिक, मधे फ्लीस, वरचं ओव्हरऑल, बूट आणि जाड हातमोजे बहुतेक केनेल देतात. बोटांचे हातमोजे घालून वर मिटनसारखे घाला, बोटं एकत्र राहिली की गरम राहतात.

पुढे बसणाऱ्याचं वेगळंच असतं. तो काहीच हलत नाही आणि वारा थेट तोंडावर. -२० ला ताशी १५ किमीचा वारा लागला की अंगाला -२९ सारखं जाणवतं, आणि स्लेज साधारण १० ते १५ च्या स्पीडनेच जात असते, तर हिशोब करा. ताईच्या गालावर एक छोटा पांढरा डाग दिसायला लागला तर गाईडने लगेच थांबवून हाताची ऊब द्यायला लावली, चोळायचं नाही म्हणली. तोंड झाकणारं कापड न्याच, आणि एकमेकांचे गाल-नाक बघत राहा, स्वतःला कळत नाही. अजून एक गोष्ट जी वेबसाईटवर कुणी लिहीत नाही, कुत्रे पळता पळताच शी करतात, थांबत नाहीत, आणि पुढे बसलेल्याचं नाक बरोबर त्या उंचीवर असतं. ताईचा रिव्ह्यू इथे लिहिला तर हाच मुद्दा पहिला येईल.

मोबाईल थंडीत पटापट मरतो, आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा, आणि चालवताना काढूच नका, हँडलचं वर सांगितलंय. चष्मेवाल्यांनी लेन्स लावता येत असतील तर लावा, श्वासाची वाफ काचेवर गोठते.

मार्च का, तर उजेड. डिसेंबरात त्या भागात काही आठवडे सूर्य उगवतच नाही, दुपारी थोडा निळसर उजेड असतो, ते पण सुंदर असेल, पण मला झाडांवरचा बर्फ, गोठलेला तलाव आणि कुत्र्यांचे चेहरे बघायचे होते. मार्चमधे बर्फ भरपूर असतो आणि ऊन लख्ख, सनग्लासेस लागतात. रात्रीची नॉर्दर्न लाईट्सवाली सफारी पण विकतात, मी घेणार नाही, कपाळावरच्या टॉर्चच्या उजेडात पुढच्या कुत्र्याची पाठ दिसते आणि आकाश ढगाळ निघालं तर तेवढीच दिसते. उलट बाजू अशी की मार्चअखेर दुपारी ऊन वाढलं की कुत्र्यांना गरम होतं. त्यांना -१० ते -२० भारी वाटतं, शून्याजवळ आलं की ते पळता पळता तोंड खाली घालून बाजूचा बर्फ उचलतात, थंड व्हायला. म्हणून मार्चमधे सकाळची वेळ घ्या.

मधला ब्रेक गोठलेल्या तलावाच्या काठाला एका लाकडी झोपडीत होता, आत शेकोटी, गरम बेरीचा रस आणि काठीला खोचून भाजायचे सॉसेज. व्हेज पाहिजे तर आधी कळवा, आम्ही कळवलं होतं तर मिळालं. बाहेर कुत्र्यांच्यात दोन पार्ट्या झाल्या होत्या, काहींनी गोल गुंडाळी करून नाकावर शेपूट घेऊन झोप काढली आणि काही दोन मिनिटांत परत चला चला म्हणून ओरडायला लागले, माझ्या पुढच्या दोघी बहिणी अर्थातच दुसऱ्या पार्टीत.

तिथे ताईने बाल्टो या प्रसिद्ध स्लेजच्या कुत्र्याचा विषय काढला आणि गाईड सुरूच झाली. १९२५ च्या जानेवारीत अलास्कात नोम गावात घटसर्प पसरला, औषध रेल्वेने नेनानापर्यंत आलं आणि तिथून पुढे साधारण १,०८५ किमी कुत्र्यांच्या स्लेजने, २० जणांनी आणि दीडशेच्या आसपास कुत्र्यांनी हातोहात साडेपाच दिवसांत पोचवलं. शेवटचा टप्पा गुन्नार कासेनचा, त्याचा लीडर बाल्टो, म्हणून पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधे बाल्टोचा लागला, त्याच वर्षी डिसेंबरात. पण सगळ्यात लांब आणि सगळ्यात डेंजर टप्पा लिओनहार्ड सेप्पालाचा, समुद्राच्या गोठलेल्या खाडीवरून, आणि त्याचा लीडर होता टोगो, तेव्हा १२ वर्षांच्या आसपासचा म्हातारा. गाईड हे सांगताना अशी चिडली होती की जसं काही टोगो तिच्या केनेलचा आहे. आता त्या भागातून १९७३ पासून इडिटारॉड ही कुत्र्यांच्या स्लेजची शर्यत होते, अँकरेज ते नोम, साधारण १,६०० किमी, १९८५ मधे लिबी रिडल्स ही जिंकणारी पहिली बाई आणि मग सुझन बुचरने चार वेळा मारली. शर्यतीतला कुत्रा दिवसाला १०,००० कॅलरींच्या आसपास खातो म्हणे. वजन माहिती आहे ना, २०-२५ किलो.

जुन्या गोष्टी सगळ्याच गोड नाहीत हे पण ती म्हणली. नॉर्वेचा शोधप्रवासी अमुंडसेन १९११ मधे दक्षिण ध्रुवाकडे ५२ कुत्रे घेऊन निघाला आणि परत ११ आणले, बाकीच्यातले बरेचसे ठरवून मारले, खायला. आता तर अंटार्क्टिकात कुत्रे न्यायलाच बंदी आहे, १९९४ मधे शेवटचे काढून घेतले, सील वगैरे प्राण्यांना रोग लागू नयेत म्हणून. एखाद्या टुरिस्ट कंपनीची पोरगी शेकोटीपाशी बसून हे सगळं झाकून न ठेवता सांगते याचे मी अर्धा स्टार एक्स्ट्रा धरलेत.

कारण हा प्रश्न डोक्यात येतोच, की आपल्या मौजेसाठी त्यांना राबवतोय का. मी तिथे काय बघितलं ते सांगतो, तुम्ही पण तेच बघा. कुत्र्यांची जागा कशी आहे, मोकळं फिरायला कुंपणाचं अंगण आहे का नुसती साखळी. आजारी किंवा कंटाळलेला कुत्रा त्या दिवशी घरी ठेवतात का, आमच्यासमोर एकाला पाय चाटताना बघून परत पाठवला आणि पंजा तपासला. गाईडला प्रत्येकाचं नाव येतं का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, म्हातारे कुठे जातात हे सरळ विचारा. आमच्या इथे आठ-दहा वर्षांचे झालेले कुत्रे एका वेगळ्या अंगणात होते, काही लोकांच्या घरी दत्तक जातात, एक जण स्टोव्हशेजारी ऑफिसमधे पसरला होता आणि सगळे त्याला ओलांडून जात होते. याचं उत्तर कुणी गोलगोल दिलं तर दुसरं केनेल बघा. उन्हाळ्यात काय करतात ते पण विचारा, बर्फ नसताना शरद ऋतूत चाकांच्या गाडीला जुंपून ट्रेनिंग चालतं, ते बघायला पण जाता येतं आणि ते स्वस्त पडतं.

परत आल्यावरचं काम हा माझा फेव्हरेट भाग. मांसाचे गोठलेले ठोकळे, चरबी, कोरडं खाद्य आणि गरम पाणी असं बादलीत मिसळायचं, सूप होतं, वास विचारू नका. नुसतं पाणी दिलं तर थंडीत कुत्रे नीट पीत नाहीत म्हणून त्याला मांसाची चव लावतात, म्हणजे पाणी पण पोटात जातं. डाव घेऊन एकेकाच्या भांड्यात ओतायचं आणि तेवढ्यात आधीच्याचं संपलेलं असतं. हार्नेस काढून वाळत टाकायचे. मग फावडं आणि बादली हातात देतात, शी गोळा करायला. ताई न बोलता कामाला लागली. दाजी वॉशरूम शोधायला गेले ते काम संपल्यावर सापडले.

आता तो कापलेला स्टार. एक, ग्रुप मोठा होता, स्लेज जास्त आणि गाईड दोनच, त्यामुळे पुढे कुणाचा गुंता झाला की सगळे थांबणार, थांबलं की गारठणार, आणि कुत्रे परत ओरडायला लागणार. कमी स्लेजचा ग्रुप ठेवा, दहा-वीस युरो जास्त घ्या पण ठेवा. दोन, दुसरा गाईड स्नोमोबाईलवर सगळ्यांच्या मागे होता, माझी स्लेज शेवटची, त्यामुळे मला निम्म्या रस्त्यात इंजिनाचा आवाज आणि पेट्रोलचा वास. सेफ्टीसाठी पाहिजे हे समजतं पण अंतर ठेवा ना भाऊ. बुक करताना विचारा की पुढचा गाईड कुत्र्यांवर आहे का मशीनवर, खूप फरक पडतो. तीन, ब्रेक कसा मारायचा ते शिकवणं उघड्यावर वाऱ्यात आणि घाईत उरकलं, इंग्लिश कमी समजणाऱ्या एका कुटुंबाला आकडा कसा रोवायचा ते कळलंच नव्हतं, शेवटी आम्हीच दाखवलं. आणि अर्धा दिवस म्हणून विकतात त्यात हॉटेलवरून नेणं-आणणं, कपडे चढवणं सगळं धरलेलं असतं, प्रत्यक्ष स्लेजवर दोन तासांच्या आतच. किती वेळ नाही, किती किलोमीटर ते विचारा.

पैसे म्हणाल तर अशा ट्रिपला माणशी दीडशे युरोच्या पुढेच धरून चला, एकट्याच्या स्लेजला अजून वर. महाग आहे. पण शंभर-सव्वाशे कुत्रे वर्षभर खातात आणि कमाईचे महिने चार-पाच, हे त्या बादल्या ढवळल्यावर बरोबर कळतं.

ज्यांना पाठीचा त्रास आहे त्यांनी अशा लांब ट्रिपमधे चालवूही नका आणि बसूही नका, खड्ड्यांवर दणके बसतात. प्रेग्नंट असाल तर नाहीच. चालवायला वयाची अट प्रत्येक ठिकाणी वेगळी आहे, टीनएजर बरोबर असेल तर आधी मेल करा. आदल्या रात्रीची उतरली नसेल तर गाईड चालवू देत नाही, आमच्या ग्रुपमधल्या एकाला दिली नाही, तो पूर्ण वेळ पुढे बसून, म्हणजे कुठे नाक ठेवून ते वर सांगितलंच आहे.

बुकिंगच्या मेलमधेच उंची, वजन आणि बुटाचा नंबर कळवा, वजनावरून कुत्रे किती लावायचे ते ठरतं म्हणून खरं वजन सांगा. बूट एक नंबर मोठा मागा, घट्ट बुटात जाड मोजा घातला की उलट बोटं जास्त गारठतात.